पीठ कालवा, फेटू नका

वाचकांचे प्रश्न : स्वयंपाकघर

या वेळी आलेली बहुतेक पत्रं पॅनकेकची आहेत. मैद्याचे, जाड, लुसलुशीत, अमेरिकी पद्धतीचे पॅनकेक सगळ्यांना हवे आहेत आणि बऱ्याच जणांचे ते बसतात. उत्तरांत चमचा ५ मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि कप २४० मिलिलिटरचा धरला आहे, सगळे सपाट भरलेले. वजनकाटा असेल तर तोच वापरा. कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२५ ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १५० पर्यंत जातो, आणि बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

घरात आम्ही पाच जण. दोन वाट्या मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, दोन अंडी, साखर आणि दूध मिक्सरमधून फिरवून अगदी गुळगुळीत पीठ करते. तव्यावर पॅनकेक थोडे फुगतात, ताटात येईपर्यंत बसतात आणि गार झाले की वातड लागतात. मुलं दुसरा मागत नाहीत. काय चुकतं? – एक वाचक, सांगली

दोन गोष्टी चुकतात. त्यातली मोठी चूक मिक्सरची.

मैद्यात पाणी किंवा दूध पडलं आणि तो हलवला की त्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी तयार होते. पोळीच्या कणकेत ती हवीच असते, म्हणून आपण कणीक मळून ठेवतो. पॅनकेकमध्ये हीच जाळी नडते. मिक्सरच्या पात्यांनी ती काही सेकंदांत घट्ट होते, मग आतला वायू तिला ताणून वर उचलू शकत नाही. गार झाल्यावर वातडपणा लागतो तोही तिचाच. शिवाय बेकिंग पावडर ओली झाल्याबरोबर काम सुरू करते, आणि मिक्सर फिरत असताना तो पहिला वायू भांड्यातच उडून जातो.

दुसरी चूक बेकिंग पावडरच्या मापात आहे. नेहमीची आमटीची वाटी साधारण १५० मिलिलिटरची असते. अशा दोन वाट्यांत १६० ग्रॅमच्या आसपास मैदा बसतो आणि त्याला दोन चमचे पावडर लागते. तुम्ही निम्मी घालता.

पाच जणांसाठी हे प्रमाण घ्या. मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ चमचे, मीठ अर्धा चमचा, साखर २ मोठे चमचे, अंडी २, दूध ३०० मिलिलिटर आणि वितळवून कोमट केलेलं लोणी ५० ग्रॅम. लोणी बिनमिठाचं असावं. खारवलेलं बटर असेल तर मीठ पाव चमचाच पुरे. दहा सेंटिमीटर रुंदीचे साधारण बारा पॅनकेक होतात. वाढत्या वयाची मुलं असतील तर दीडपट करा.

कोरडे जिन्नस एकत्र दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात अंडी, दूध आणि लोणी नीट एकजीव करा. इथे हवं तेवढं फेटा, कारण यात मैदा नाही. दूध आणि अंडी फ्रीजमधून तासभर आधी काढून ठेवा. थंडगार दुधात वितळलेलं लोणी पडलं की ते लगेच थिजून त्याच्या कण्या होतात, आणि तव्यावर त्या जागी तेलकट खड्डे पडतात.

आता मैद्यात मधोमध खळगा करून ओलं मिश्रण एकदम ओता. लाकडी डावाने तळापासून वर आणत दहा-बारा वेळा कालवा आणि हात थांबवा. कोरडा मैदा दिसता कामा नये, पण साबुदाण्याएवढ्या, अगदी मटकीएवढ्या गुठळ्या दिसल्या पाहिजेत. त्या मोडायचा मोह टाळा. भांडं दहा मिनिटं झाकून ठेवलं की त्या आपोआप भिजतात आणि पीठ जरा दाट होतं. त्यानंतर ते ढवळू नका. भांड्याच्या कडेकडेने पळी घालून पीठ उचला.

पीठ पळीवाढं हवं, इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल. पाव कप पीठ एकाच जागी ओतलं की ते हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत पसरून थांबावं. चौदा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत धावलं तर पातळ झालं आहे. असं पीठ कितीही पावडर घातली तरी जाड राहणार नाही. मग दोन मोठे चमचे मैदा वरून भुरभुरवून तीन-चार वेळाच खालीवर करा.

आमच्याकडे आंबोळ्या छान जाळीदार होतात. त्याच हाताने पॅनकेक केले की दडस होतात. आंबोळीचं पीठ मी हाताने भरपूर फेटते, तसंच हेही फेटते. – एक वाचक, कुडाळ

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. दोन्हींची जाळी दिसायला सारखी असली तरी ती टिकवून धरणारी गोष्ट वेगळी आहे.

आंबोळीत तांदूळ आणि उडीद, साधारण तीनास एक. तांदळात मैद्यासारखी चिवट होणारी प्रथिनं नाहीत, म्हणून कितीही फेटलं तरी पीठ वातड होत नाही. उडदाचा बुळबुळीतपणा वायूचे बुडबुडे धरून ठेवतो, आणि हाताने फेटल्यावर तो अधिक खुलतो, हवाही शिरते. तिथे वायू जिवाणू तयार करतात, तेही आठ-दहा तास सावकाश. फेटल्याने थोडा उडाला तरी रात्रभरात पुन्हा भरून निघतो.

पॅनकेकमध्ये वायू बेकिंग पावडरचा असतो. त्यातला काही पीठ ओलं होताच सुटतो, उरलेला तव्याच्या उष्णतेने. एकदा गेला की परत येत नाही. तेव्हा आंबोळीचा हात इथे आवरा, डाव घ्या. आंबोळीसारखं झाकणही ठेवू नका. झाकणाखाली वाफ कोंडून वरचा भाग चिकट राहतो आणि उलटायची खूण दिसत नाही.

बेकिंग पावडर नव्हती म्हणून तेवढाच खाण्याचा सोडा घातला. पॅनकेक पिवळट, तपकिरी झाले आणि साबणासारखी चव आली. सोड्याऐवजी ढोकळ्याचं फ्रूट सॉल्ट चालेल का? – एक वाचक, नाशिक

सोडा म्हणजे नुसता क्षार. त्याच्यातून वायू पूर्ण सुटायला आंबट काहीतरी लागतं. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ती कोरडी राहावीत म्हणून स्टार्च असं तिन्ही मिसळलेलं असतं. त्यामुळे सोडा तिच्यापेक्षा तिप्पट-चौपट तीव्र पडतो. तुमच्या पिठात दूध गोडं, आंबट काही नाही. सोडा तसाच उरला आणि तीच साबणासारखी चव. उरलेल्या सोड्यामुळे पिठाला रंगही लवकर चढतो, म्हणून बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चं असं होतं.

हाच उरलेला सोडा डोळ्यांनी बघायचा असेल तर तिखट पॅनकेकच्या पिठात चिमूटभर हळद घाला. जिथे सोड्याची गुठळी राहिली असेल तिथे हळद लालसर होते. असे ठिपके दिसले की चाळणं अपुरं झालं किंवा सोडा जास्त पडला, एवढं नक्की समजा.

बेकिंग पावडर खरंच नसेल तर सोडा अर्धा चमचाच घ्या आणि ३०० मिलिलिटर दुधाऐवजी २५० ग्रॅम आंबट दही व ८० मिलिलिटर पाणी घुसळून घाला. एवढ्या दह्याला एवढाच सोडा पुरतो.

फ्रूट सॉल्ट इथे घालू नका. ते ओलं होताच फसफसतं आणि वायू भराभर सुटतो. ढोकळ्याचं सगळं पीठ एकदम वाफेवर जातं म्हणून तिथे ते चालतं. पॅनकेक घाण्याघाण्याने होतात, वीस मिनिटं लागतात. पहिला घाणा फुगेल, तिसऱ्यापर्यंत पीठ मरून जाईल.

आणखी एक तपासणी. अर्धा कप कढत पाण्यात अर्धा चमचा बेकिंग पावडर टाका. जोरात फेसाळली तर चांगली. दोन-चार बुडबुडे येऊन थांबली तर टाकून द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी डब्यावरच्या तारखेच्या कितीतरी आधी निकामी होते. सोडा मात्र कढत पाण्यात नाही, लिंबाच्या रसात तपासायचा.

अंडं चालत नाही. केळं घालून बघितलं, पण पॅनकेक जड आणि आतून ओलसर होतात. – एक वाचक, पुणे

केळ्याने ओलावा आणि गोडी येते, पण अंड्याची पकड येत नाही. अंडं शिजल्यावर घट्ट होऊन फुगलेला भाग जागेवर धरतं. ते काढलं की फुगवण्याचं काम वायूने जास्त जोरात आणि धरण्याचं काम मैद्याने लवकर शिजून करावं लागतं. म्हणून बिनअंड्याच्या पिठात आंबट दही आणि सोडा यांची जोडी सर्वांत भरवशाची.

मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, साखर २ मोठे चमचे. ओल्यात किंचित आंबट, घट्ट दही २५० ग्रॅम, दूध १५० मिलिलिटर, पातळ केलेलं तूप ४० ग्रॅम. कालवण्याची रीत तीच, पण हे पीठ दहा मिनिटं नव्हे, फार तर पाच मिनिटं ठेवा. दही-सोड्याचा वायू लगेच सुटू लागतो. पॅनकेक थोडे लहान घाला, आठ सेंटिमीटरचे. लहान असले की मधला भाग लवकर शिजतो आणि बसायला वेळ मिळत नाही. केळं हवंच असेल तर कुस्करून पिठात घालू नका. पीठ तव्यावर पडल्यावर वर पातळ चकत्या ठेवा.

तवा नेमका किती तापवायचा? पहिला पॅनकेक नेहमी वाया जातो. – एक वाचक, अमरावती

पोळीचा मधे खोलगट तवा बाजूला ठेवा. त्यावर पीठ मधोमध जमतं, मधे कच्चं आणि कडेला करपलेलं असं होतं. सपाट, जाड बुडाचा डोशाचा तवा घ्या. बिडाचा उत्तम, जाड नॉनस्टिकही चालेल.

बिडाचा तवा मध्यम आचेवर निदान पाच-सहा मिनिटं तापू द्या, नॉनस्टिकला दोन पुरेत. पहिला पॅनकेक बिघडतो तो घाईने. तवा मधे तापलेला आणि कडेला गार असतो, वर तूप जास्त असतं. पाण्याचे थेंब शिंपडा. ते नुसते पसरून चुरचुरले तर तवा गार आहे. गोळ्या होऊन नाचले आणि दोन-तीन सेकंदांत उडाले तर पीठ घाला, आणि घातल्याबरोबर आच थोडी कमी करा.

तव्याला तूप किंवा तेल लावा आणि सुती फडक्याने पुसून घ्या, नुसती चमक राहिली पाहिजे. तूप साचलं की पीठ तळलं जातं, कडा कुरकुरीत होतात आणि वरचा रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. लोणी लावायचं टाळा. त्यातला दुधाचा अंश जळून पुढच्या घाण्यावर काळे कण चिकटतात. डोशासाठी तव्यावर अर्धा कांदा फिरवतात तसा इथे नको, गोड पॅनकेकला वास लागतो.

उलटायची वेळ घड्याळापेक्षा पिठावर दिसते. आधी वर बुडबुडे येतात. ते फुटून त्यांची भोकं पुन्हा भरत असतील तर थांबा. कडेच्या भोकांची तोंडं उघडीच राहू लागली आणि कडेची ओली चमक जाऊन ती मंद दिसू लागली की उलथनं खाली सरकवा. साधारण दोन ते अडीच मिनिटं लागतात. दुसरी बाजू एक ते दीड मिनिटात होते. एकदाच उलटा. आणि उलटल्यावर उलथन्याने दाबू नका, पोळीची ती सवय इथे आत धरलेला सगळा वायू दोन सेकंदांत बाहेर काढते.

कणीक किंवा नाचणी वापरली तर? – एक वाचक, सातारा

निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या. कणकेतला कोंडा पाणी हळूहळू पितो, म्हणून दूध ४० ते ५० मिलिलिटर वाढवा आणि पीठ पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. पूर्ण कणकेचे पॅनकेक चवीला चांगले, पण जाडीला कमीच राहतात. नाचणी पाव भागापेक्षा जास्त नको, २५० ग्रॅममध्ये ६० ग्रॅम. तिच्यात पकड नाही, जास्त झाली की उलटताना पॅनकेक मोडतो. ज्वारीचंही तेच.

मी तव्याशी उभी असते तोवर सगळ्यांचं खाऊन होतं. शेवटी मला गार मिळतात. आधीचे डब्यात ठेवले तर गिच्च होतात. सगळ्यांना एकदम गरम कसे वाढायचे? – एक वाचक, ठाणे

आधी वेळेचा हिशेब बघा. बारा पॅनकेक एकेक केले तर प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे पाऊण तासापेक्षा जास्त. तीस सेंटिमीटरच्या सपाट तव्यावर एका वेळी तीन बसतात, चार घाण्यांत वीस मिनिटांच्या आत काम होतं. दोन शेगड्यांवर दोन तवे ठेवलेत तर दहा-बारा मिनिटांत. मोठा तवा छोट्या बर्नरवर मात्र ठेवू नका, कडेचे दोन्ही पॅनकेक फिके राहतात.

पोळ्यांच्या डब्यात पोळी मऊ राहते तीच वाफ पॅनकेकला भिजवते. ओव्हन असेल तर ९० ते १०० अंशांवर तापवून आत जाळीवर एकेरी मांडा. वीस मिनिटं तरी चांगले राहतात. ओव्हन नसेल तर पसरट जाड कढई अगदी मंद आचेवर ठेवा, आत स्टीलची जाळी, त्यावर पॅनकेक एकेरी मांडून वर कोरडं सुती फडकं टाका. स्टीलचं झाकण नको, त्यावर साचलेलं पाणी ठिबकतं. एकावर एक रचायचे ते फक्त वाढताना. गरम पॅनकेकची चळत केली की तळचे वजनाने आणि वाफेने पाचच मिनिटांत चेपतात.

तुम्हीही सगळ्यांबरोबर बसा. शेवटचा घाणा जाळीवर गेला की मगच हाक मारा.

रात्रीच पीठ भिजवून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

नको. रात्रभरात पावडरचा पहिला वायू निघून जातो. रात्री कोरडे जिन्नस चाळून डब्यात आणि अंडी-दूध एकत्र फेटून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी दूध बाहेर काढा, लोणी वितळवून घाला, कालवा. पाच मिनिटांचं काम उरतं. कोरडं मिश्रण जास्तीचं करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत महिनाभर राहतं, पावसाळ्यात पंधरा दिवसच धरा. शिजवलेले उरले तर मधे बटर पेपर घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तव्यावर मंद आचेवर गरम करा.

इथल्या शेजारणीने दिलेल्या कृतीत १०० ग्रॅम मैदा, २ अंडी आणि ३०० मिलिलिटर दूध आहे, बेकिंग पावडर नाहीच. पॅनकेक धिरड्यासारखे पातळ होतात. कृती चुकीची आहे का? – एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

कृती बरोबर आहे, पदार्थ वेगळा आहे. इंग्लंडमध्ये पॅनकेक म्हटलं की पातळ, घडी घालून लिंबू-साखरेबरोबर खातात तो. ईस्टरआधीचे उपास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी, घरातली अंडी-लोणी संपवायची म्हणून तो करण्याची तिथली जुनी प्रथा आहे. जाड हवे असतील तर तिथे त्यांना स्कॉच पॅनकेक किंवा ड्रॉप स्कोन म्हणतात, शेजारणीकडे ते मागा.

किंवा वरची २५० ग्रॅमची कृतीच वापरा. दुकानातून प्लेन फ्लोअर आणा. सेल्फ-रेझिंग फ्लोअर आणलंत तर त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, मग वरून एकच चमचा बेकिंग पावडर घाला. हे तयार पीठ इंग्लंडचीच देणगी आहे. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८४३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला यीस्ट सोसत नसल्याने बेकिंग पावडर तयार केली होती. खरेदी करताना एक लक्षात असू द्या. बायकार्बोनेट ऑफ सोडा लिहिलेला डबा म्हणजे आपला खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे.

मेपल सिरप महाग पडतं. काकवी चालेल का? – एक वाचक, सांगोला

चालेल, आणि छान लागते. सिरपच्या नावाखाली मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांवरची घटकांची यादी वाचा. अनेकांत साखरेचा पाक, रंग आणि वास एवढंच असतं. त्यापेक्षा चांगली काकवी घ्या. ती घट्ट असते म्हणून चार मोठे चमचे काकवीत दोन चमचे पाणी आणि एक चमचा लोणी घालून कोमट करा, उकळू नका. चिमूटभर मीठ घातलं की गोडीला धार येते. पॅनकेकमध्ये मग साखर एकच मोठा चमचा ठेवा.

काकवी वाडग्यात वेगळी द्या, ज्याने त्याने खाताना घ्यावी. चळतीवर आधीच ओतली तर वरचे दोन पॅनकेक ती शोषून गचगचीत होतात आणि खालचे कोरडे राहतात. मध देणार असाल तर घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असल्यास त्याच्या तोंडात मधाचं बोटही जाऊ देऊ नका. त्या वयात मधामुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.